चॅटबॉटकडची माहिती काढून घेताना

यंदाच्या जानेवारीत एका जुन्या ग्राहकसंस्थेकडून नव्या वर्षाचा करार आला. मी भाषांतराचं काम करते. असा करार दरवर्षी येतो, वाचून सही करून परत पाठवायचा असतो. या वेळी त्याला एक जोडपत्र होतं. आमच्या कागदपत्रांतला मजकूर कोणकोणत्या एआय सेवांमध्ये टाकला, तो आज तिथे आहे का, आणि असेल तर कधीपर्यंत राहील, हे लिहून खाली सही करायची. मुदत मार्चअखेरची. चॅटबॉट वापरायला त्यांनीच पूर्वी लेखी संमती दिलेली होती, त्यामुळे पहिल्या प्रश्नाची धास्ती नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्याची होती. सही करायची तर उत्तर खरं हवं, आणि ते कुठून मिळवायचं हे मला ठाऊक नव्हतं.

जोडपत्र वाचतानाच आईचे रिपोर्ट आठवले. तिच्या आजारपणात मी ते चॅटबॉटला दाखवून समजून घेत असे. रात्री उशिरा डॉक्टरांना फोन करता येत नाही आणि कागदावरचे आकडे झोपू देत नाहीत. त्या आधाराबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण ग्राहकाच्या कागदांपेक्षा आईचे रिपोर्ट कमी खाजगी थोडेच आहेत? दोन्ही कामं एकत्रच करायची ठरवली.

सुरुवात यादीपासून केली. रोज वापरातली खाती डोळ्यांसमोर होती, पण मेलबॉक्समध्ये ‘व्हेरिफाय’ आणि ‘वेलकम’ हे शब्द शोधल्यावर आणखी कितीतरी निघाली. एकदा वापरून सोडून दिलेलं पीडीएफचा सारांश करणारं संकेतस्थळ, ब्राउझरमधलं व्याकरण तपासणारं एक्स्टेन्शन, बैठकीचं ध्वनिमुद्रण लिहून देणारी एक छोटी सेवा. गूगलच्या खात्याने लॉग-इन केलेल्या सेवांना स्वागताचा मेल आलेलाच असतो असं नाही. त्या शोधायच्या तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, बाहेरच्या ॲप्सना दिलेल्या परवानग्यांची यादी असते, ती उघडावी. मात्र तिथून परवानगी काढून घेतली की तुमचा मजकूर त्या सेवेकडून पुसला जातो असं नाही, फक्त दार बंद होतं. म्हणून परवानगी शेवटी काढा, आधी खात्यात शिरून काय आहे ते बघा. फोनवरून ॲप काढून टाकण्याचंही तेच: सर्व्हरवरचं काहीही हलत नाही.

यादी झाल्यावर पुसायची घाई होते. ती आवरायला हवी, कारण काय होतं हेच सांगायचं असेल तर त्याची प्रत आधी हातात लागते. चॅटजीपीटी आणि क्लॉड या दोन्ही चॅटबॉटमध्ये सेटिंग्जमधून डेटा एक्स्पोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या संवादांची प्रत, मागता येतो. ईमेलवर एक लिंक येते आणि ती चोवीस तासांत निकामी होते. त्यामुळे संगणकासमोर बसता येईल अशा दिवशीच मागणी करा. गूगलच्या जेमिनी या चॅटबॉटचं थोडं फसवं आहे. गूगलकडचा आपला डेटा उतरवून देणाऱ्या टेकआउटमध्ये ‘जेमिनी’ नावाचा पर्याय दिसतो, पण आपले संवाद त्यात नसतात. ते ‘माय ॲक्टिव्हिटी’खाली जेमिनी ॲप्स निवडल्यावर मिळतात. हे कळेपर्यंत माझा एक आठवडा गेला.

झिप फाइल उघडल्यावरची संध्याकाळ मला अवघड गेली. सगळं एका लांबलचक फाइलमध्ये होतं, तारखांसकट. त्यात शोध घेण्याची एक रीत बसवली: आधी ग्राहकाचं नाव, त्याच्या प्रकल्पांची नावं, मग आईचं नाव, घरातले फोन नंबर, रुग्णालयाचं नाव. फक्त चॅटची शीर्षकं वाचून भागत नाही. ‘वाक्यरचना सुधारणे’ अशा शीर्षकाखाली अख्खा करार चिकटवलेला असतो. एका चॅटमध्ये मावशीच्या औषधांची यादी होती, तिने माझ्याकडून विचारून घेतलेली. एका मैत्रिणीच्या नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा होता. माझ्या नावाच्या खात्यात किती जणांचं आयुष्य साठलंय ते तेव्हा दिसलं. खात्याच्या अटींना ‘मान्य’ म्हणणारी मी एकटी होते. यातल्या कुणालाही कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि खातं माझं असल्यामुळे त्यांना स्वतःहून काही पुसताही येणार नव्हतं. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही गोष्ट. आपण ‘माझी गोपनीयता’ म्हणतो, पण या संवादांमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याचीच माहिती असते.

म्हणून पुसण्याआधी प्रत्येकाला कळवलं. आई म्हणाली, “काढून टाक, पण आधी मला समजेल असं वाचून दाखव.” मावशीने मात्र थांबवलं. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी त्याच चॅटमध्ये होती आणि ती तिला हवी होती. ती छापून तिला दिली, मग पुसली. मैत्रिणीने एका शब्दात उत्तर पाठवलं: “पूस.”

आता प्रत्यक्ष पुसणं. इथे बारकावे फार आहेत, म्हणून सावकाश सांगते.

चॅटजीपीटीमध्ये चॅट डिलीट केली की ती आपल्या यादीतून लगेच जाते आणि कंपनीच्या यंत्रणेतून ३० दिवसांच्या आत कायमची काढण्यासाठी लावली जाते. सुरक्षेच्या किंवा कायदेशीर कारणाने ठेवावी लागली तर गोष्ट वेगळी, असं त्यांचं धोरणच सांगतं. ‘आर्काइव्ह’ केलेली चॅट नुसती नजरेआड होते, ती पुसलेली नसते. ‘टेम्पररी चॅट’ इतिहासात दिसत नाही आणि प्रशिक्षणासाठी, म्हणजे कंपनीची मॉडेलं घडवण्यासाठीही, वापरली जात नाही, पण तिची प्रत ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. बरेच जण तिला कुठेही न उमटणारी चॅट समजतात, तसं नाही.

मेमरी हा वेगळा कप्पा आहे. चॅटबॉट आपल्याबद्दल ज्या नोंदी ठेवतो त्या चॅटपासून स्वतंत्र साठवलेल्या असतात, त्यामुळे चॅट पुसली तरी नोंद उरते. आईच्या रिपोर्टची एक चॅट मी मागच्या वर्षीच काढून टाकली होती, तरी मेमरीच्या यादीत तिच्या आजाराचं नाव शांतपणे बसलेलं होतं. ते वाचून पोटात गोळा आला. सेटिंग्जमध्ये मेमरीची यादी उघडून एकेक ओळ वाचा. चॅट आणि नोंद दोन्ही पुसल्या तरच ती माहिती जाते. ‘कस्टम इन्स्ट्रक्शन्स’ (चॅटबॉटला कायमच्या देऊन ठेवलेल्या सूचना) आणि प्रोजेक्टमध्ये चढवलेल्या फाइल्सही त्याच बैठकीत तपासा. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकाची शब्दसूची होती, एकाही चॅटमध्ये न दिसणारी.

प्रशिक्षणाचं बटण तिसरीकडे. ते बंद केल्यावर पुढचे संवाद मॉडेल घडवायला वापरले जात नाहीत. आधी वापरलेलं त्या बटणाने परत येत नाही, आणि घडून गेलेल्या मॉडेलमधून आपला मजकूर वेगळा काढून देण्याची सोय कुणीही देत नाही. एक बारीक गोष्ट इथे माहीत असावी. उत्तराखालचा अंगठा वर किंवा खाली केला, तर प्रशिक्षण बंद असूनही त्या अभिप्रायासोबतचा पूर्ण संवाद कंपनी वापरू शकते. मी अंगठ्याला हात लावणं बंद केलंय.

क्लॉडच्या बाबतीत तारखा नीट बघाव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने वैयक्तिक खात्यांसाठी धोरण बदललं. प्रशिक्षणाला होकार दिला तर डेटा पाच वर्षांपर्यंत ठेवला जातो, नकार दिला तर पूर्वीचीच ३० दिवसांची मुदत. त्या वेळी पडद्यावर आलेल्या चौकटीत ‘स्वीकारा’चं बटण ठळक होतं आणि प्रशिक्षणाची कळ खाली, आधीपासून चालू अवस्थेत होती. आपण तेव्हा काय दाबलं हे आठवत नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. वापराच्या नियमांचा भंग म्हणून खूण झालेले संवाद तिथे दोन वर्षांपर्यंत राहू शकतात.

जेमिनीमध्ये ॲक्टिव्हिटी आपोआप पुसण्याची मुदत मुळात १८ महिन्यांची असते. ती तीन महिन्यांवर आणता येते. ॲक्टिव्हिटी बंद ठेवली तरी संवाद ७२ तासांपर्यंत राहतात. मला थांबवलं ते गूगलच्या धोरणातल्या पुढच्या वाक्याने. काही संवाद माणसं वाचून तपासतात, आणि तसे तपासलेले संवाद खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवले जातात, आपण ॲक्टिव्हिटी पुसली तरीही. त्यांत आपला कोणता होता हे आपल्याला कळत नाही. तपासनीसाने पाहू नये असं वाटणारी गोपनीय माहिती इथे लिहू नका, असं गूगल स्वतःच सांगतं. ही सूचना मला प्रामाणिक वाटली. ती चॅटच्या खिडकीतच सतत समोर असायला हवी, असं माझं मत आहे.

मग शेअर केलेल्या लिंका. २०२५ च्या जुलैअखेर चॅटजीपीटीवरून शेअर केलेले हजारो संवाद गूगलच्या शोधात सापडू लागले होते. लिंक बनवताना ‘शोधात दिसू द्या’ असा एक पर्याय होता, त्यावर खूण केलेल्यांचे ते संवाद होते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तो पर्याय लगेच काढून टाकला. माझ्या जुन्या लिंका सेटिंग्जमधल्या डेटा कंट्रोल्समध्ये एका जागी सापडल्या, त्या एकेक करून रद्द केल्या. ज्याला लिंक पाठवली त्याने तो संवाद आपल्या खात्यात घेऊन पुढे चालू ठेवला असेल, तर ती त्याची प्रत झाली, आपल्या हातात राहत नाही. त्यामुळे ज्यांना पाठवल्या होत्या त्यांना फोन केले. पान रद्द होऊनही शोधात नाव दिसत राहिलं, तर गूगलकडे जुना मजकूर काढण्याची विनंती करण्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि तो फुकट आहे.

इथवर फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडला होता. मोठ्या सेवांमध्ये निदान बटणं तरी होती. ध्वनिमुद्रण लिहून देणाऱ्या त्या छोट्या सेवेत फाइल यादीतून लपवण्यापलीकडे काहीच करता येत नव्हतं. तिथे ग्राहकाच्या दोन बैठका होत्या. मग पत्र लिहायला बसले.

पत्राची चौकट मी युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यावरून घेतली. त्याच्या कलम १५ मध्ये आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा आणि कलम १७ मध्ये ती पुसून घेण्याचा हक्क आहे. कलम १२ प्रमाणे उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, आणि सहसा शुल्क घेता येत नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बहुतांश तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. कायदा आपल्याला लागू असो वा नसो, युरोपात सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे अशा पत्रांना उत्तर देणारी माणसं आणि ठरलेली पद्धत असते. नेमक्या शब्दांत विचारलं तर उत्तर नेमकं येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव.

पत्र छोटं ठेवा आणि खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवा. मी विचारलेलं असं: माझ्या खात्यात कोणत्या प्रकारचा डेटा आहे, तो प्रत्येक प्रकार किती काळ ठेवता, तो पुढे कुणाकुणाला दिला जातो, मूळ ध्वनिफाइल आणि तिचं लिखित रूप दोन्ही पुसाल का, बॅकअपमधून ते कधी जाईल, आणि हे झाल्याचं मला लेखी कळवाल का. पत्ता गोपनीयता धोरणाच्या तळाशी असतो. ग्राहकसेवेच्या चॅटमध्ये हे विचारू नका, तिथून मला मदतलेखांच्या लिंकाच आल्या.

पहिलं उत्तर आठवड्याभरात आलं: ओळख पटवण्यासाठी सरकारी ओळखपत्राचा फोटो पाठवा. माहिती पुसून घ्यायला निघालेल्या माणसाने आणखी एक नाजूक कागद द्यायचा, हे मनाला पटेना. कायद्यात ओळखीबद्दल वाजवी शंका असेल तरच जादा माहिती मागता येते. मी नम्रपणे लिहिलं की मी नोंदणीकृत ईमेलवरूनच लिहिते आहे, हवं तर खात्यात लॉग-इन करून तुम्ही सांगाल तो शब्द एखाद्या फाइलच्या नावात टाकून दाखवते. त्यानंतर बराच काळ शांतता. या वाटेवर सगळ्यांत जड जातात ते हे दिवस, कारण आपण काही करू शकत नाही आणि मुदत जवळ येत राहते. दर आठवड्याला त्याच पत्राच्या साखळीत एक ओळ टाकत राहिले, नवं पत्र सुरू केलं नाही. साखळी तुटली की तुम्ही रांगेत पुन्हा मागे जाता.

मार्चच्या सुरुवातीला उत्तर आलं आणि ते चांगलं आलं. ओळखपत्राचा आग्रह त्यांनी सोडला. फाइल्स पुसल्याचं लिहिलं, बॅकअपमधूनही त्या जाण्याची तारीख दिली, आणि लिखित रूप तयार करण्यासाठी मजकूर एका मोठ्या कंपनीच्या मॉडेलकडे एपीआयमधून (दोन संगणकप्रणालींना जोडणाऱ्या दुव्यातून) जातो, तिथे तो ३० दिवसांपर्यंत लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींत, राहतो, हेही सांगितलं. हे शेवटचं मला एरवी कळलंच नसतं. छोटी सेवा निवडली की माहिती एकाच जागी जाते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिच्या मागे आणखी एक कंपनी असते, तिची मुदत वेगळी असते.

जोडपत्र भरताना ‘आता कुठेही प्रत नाही’ असं एक वाक्य मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते लिहिता आलं नाही, आणि त्याला ठोस कारण होतं. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने ओपनएआयवर डिसेंबर २०२३ मध्ये दावा लावला. त्या खटल्यात १३ मे २०२५ रोजी न्यायालयाने कंपनीला आदेश दिला की एरवी पुसले गेले असते ते चॅटचे लॉगही जपून ठेवा. ते नव्याने जपत राहण्याचं बंधन २६ सप्टेंबर २०२५ रोजी संपलं, पण एप्रिल ते सप्टेंबर या काळातला काही डेटा वेगळा काढून, मर्यादित लोकांनाच हात लावता येईल असा ठेवलेला आहे, असं कंपनीने जाहीर केलं आहे. ग्राहकाचं एक मोठं काम मी त्याच उन्हाळ्यात केलं होतं आणि त्या चॅट तेव्हाच पुसल्या होत्या. माझं बटण दाबून झालं होतं, तरी त्यांचं नक्की काय झालं हे छातीठोकपणे सांगणं शक्य नव्हतं. झिरो डेटा रिटेन्शनचा (काहीच साठवून न ठेवण्याचा) करार असलेल्या एपीआय ग्राहकांना आणि मोठ्या संस्थांच्या एंटरप्राइझ खात्यांना तो आदेश लागू नव्हता. माझं खातं वैयक्तिक होतं.

म्हणून निवेदनात प्रत्येक सेवेसमोर पुसल्याची तारीख, धोरणातली मुदत आणि ती मुदत संपण्याची तारीख लिहिली. ज्या दिवशी धोरण वाचलं त्या दिवशीची त्या पानाची पीडीएफ जोडली, कारण ही पानं बदलत राहतात. खाली स्वतंत्र परिच्छेदात न्यायालयाच्या आदेशाबद्दल आणि माणसांनी तपासलेल्या संवादांबद्दल लिहिलं, आणि या दोन बाबतींत मी हमी देऊ शकत नाही असं स्पष्ट म्हटलं. पाठवताना हात थरथरत होता. हा ग्राहक माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि ‘हमी देऊ शकत नाही’ हे शब्द करारात कुणालाच आवडत नाहीत.

न वापरातली खाती त्यानंतर बंद केली. सशुल्क खातं बंद करत असाल तर वर्गणी कुठून घेतली ते बघा. ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर ती तिथूनच रद्द करावी लागते, खातं बंद केल्याने थांबत नाही. माझ्या एकूण खर्चात एवढीच रक्कम आहे: एक्स्पोर्ट हातात येईपर्यंत चालू ठेवलेल्या खात्याची महिन्याची वर्गणी.

ग्राहकसंस्थेच्या विधी विभागातल्या बाईंचा फोन मुदतीच्या दोन दिवस आधी आला. त्यांनी निवेदन जसंच्या तसं स्वीकारलं. इतर भाषांतरकारांकडून ‘काही शिल्लक नाही’ अशी एका ओळीची उत्तरं आली होती, त्यांच्याकडे आता हाच तक्ता भरायला पाठवणार असल्याचं त्या म्हणाल्या. पुढच्या कामासाठी त्यांनी मला संस्थेच्या एंटरप्राइझ खात्यात जागा दिली, तिथला मजकूर मुळातच प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही. तिथल्या चॅट किती दिवस ठेवायच्या हे प्रशासकाला ठरवता येतं. ती मुदत किती आहे असं मी विचारलं, तेव्हा कळलं की ती अजून कुणी ठरवलेलीच नव्हती. एप्रिलमध्ये त्यांनी ती ठरवली आणि आकडा मला लेखी कळवला.

आईचे नवे रिपोर्ट आले तर मी आता संगणकावरच चालणारं एक छोटं मॉडेल वापरते. उत्तरं हळू येतात, कधी अपुरी असतात, आणि औषधाच्या मात्रेबद्दल त्यावर विसंबून राहत नाही. मोठ्या चॅटबॉटला विचारावंच लागलं तर नाव, रुग्णक्रमांक आणि तारखा काढून फक्त तपासणीचे आकडे हाताने टाइप करते. रिपोर्टचा फोटो चढवत नाही, कारण नाव त्याच्या माथ्यावरच छापलेलं असतं.